बीअरची भजी आणि तेहतीस अनारसे

माझा जावई भज्यांच्या पिठात बीअर ओततो. कोणाचा जावई पितो, कोणाचा पैसे उडवतो. माझा ओततो, आणि तीही डाळीच्या पिठात. वर मलाच समजावतो, की आई, तळताना दारूचा अंश उडून जातो, मागे फक्त कुरकुरीतपणा राहतो. उडूनच जायचा तर ओतता कशाला, असं मी विचारलं. त्यावर तो हसला. माझं बोलणं त्याला लागत नाही, हा त्याचा आणखी एक दोष.

त्याचं नाव तनय. पुण्यात कंपनीत चांगल्या हुद्द्यावर होता. माझ्या मुलीशी, मृण्मयीशी, लग्न झालं आणि चौथ्या महिन्यात त्याने नोकरी सोडली. दोघं नाशिकला आली, आणि याने गंगापूर रोडला एका बंगल्याची गच्ची भाड्याने घेऊन शिकवणी काढली. कसली, तर बीअरमधला स्वयंपाक आणि घरच्या घरी आंबवलेले पदार्थ. शिकवणीचं नाव ‘फसफस’. मी एकतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, पण शिकवण्याला असं काही नाव द्यावं हे मला सुचलं नाही. दर रविवारी तिथे वीस-पंचवीस शिकलीसवरलेली माणसं गळ्यात एप्रन अडकवून कोबीला मीठ चोळत बसतात. कोबीला मीठ मीही आयुष्यभर चोळलं, मला कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

त्यांच्या घरी गेलं की आधी बरण्यांना वाट द्यावी लागते. ओट्यावर बरण्या, फ्रिजवर बरण्या, दिवाणाखाली बरण्या. प्रत्येकीवर चिठ्ठी, चिठ्ठीवर तारीख, वेळ आणि आंबटपणाचा आकडा. तो आकडा बघायला कागदाच्या पट्ट्या आहेत, उष्णता बघायला एक काडी आहे. एका बरणीत गोड चहावर तरंगणारी बुळबुळीत चकती आहे. तिला ‘मदर’ म्हणतात, असं त्याने मला कौतुकाने सांगितलं. मला तो आई म्हणतो आणि तिला मदर. दोघींपैकी त्याची सेवा जास्त कोणाला मिळते हे मी विचारलं नाही. रोज सकाळी झाकणं सैल करून बरण्यांमधला वायू सोडावा लागतो, नाहीतर त्या फुटतात. त्यामुळे ही दोघं दोन दिवस गावाला जाऊ शकत नाहीत. लोक लहान मुलांमुळे अडकतात, यांना कोबीने अडकवलं आहे.

मी हे सगळं नाक मुरडून बघत आले, कारण मला त्यातलं कळतं. डोशाचं पीठ, कुरडयांचा चीक, नागलीची आंबील, माझ्या घरात कायम काही ना काही आंबत आलं आहे, आणि त्यावर मी कधी चिठ्ठी चिकटवली नाही. पण माझं खरं नाव आहे ते अनारशांत. इगतपुरीकडचा वर्षभर ठेवलेला जुना तांदूळ आणायचा. तीन दिवस पाण्यात ठेवायचा, पाणी बदलत राहायचं. मग निथळून सावलीत सुकवायचा, ओलसर असतानाच दळायचा, गूळ मिसळून गोळे चार-पाच दिवस मुरू द्यायचे आणि खसखशीवर थापून तुपात तळायचे. ऐकायला सोपं आहे. तांदूळ कमी आंबला तर अनारसा दगड होतो, जास्त आंबला तर तुपात पडल्याबरोबर फुटून पसरतो. त्याला अनारसा हसला असं म्हणतात. माझा अनारसा तीस वर्षांत हसलेला नाही. पंचवटीत आमच्या दिरांच्या घरी अजून यात्रेकरूंची पूजा-श्राद्धं चालतात, आणि ती माणसं कोणाच्या हातचं सहज खात नाहीत. तीसुद्धा माझ्याकडून अनारसे नेतात.

आणि हे सगळं चालतं नाकावर. उन्हाळ्यात पाणी दिवसातून एकदा बदलायचं की तीनदा, हे घड्याळ सांगत नाही. पातेल्यावरचं फडकं उचलायचं आणि वास घ्यायचा. ताज्या ताकासारखा गोडसर आंबूस आला की ठीक. त्याच्या पुढे जाऊ द्यायचं नाही. यापलीकडे त्यात शास्त्र नाही.

आता जे सांगते ते मी कोणालाच सांगितलं नव्हतं. माझं नाक दोन वर्षांपूर्वी गेलं.

पावसाळ्यात आठ दिवस ताप आला होता. ताप उतरला आणि चहात आलं घातलं की नाही हेच कळेना. मला वाटलं, सर्दी आहे, जाईल. सर्दी गेली, वास आला नाही. जिभेवर खारट, गोड, तिखट एवढं पोचतं, बाकी सगळं एकसारखं गरम आणि मऊ. डॉक्टरकडे गेले नाही. गेले असते तर घरात कळलं असतं, घरात कळलं की पंचवटीत कळलं असतं, आणि मग उत्तराच्या, म्हणजे माझ्या, हातचं आता पूर्वीसारखं नाही राहिलं, हे बोलायला माझ्या जावांना निमित्तच हवं आहे. तेव्हा मी मापाने करू लागले. मीठ चमच्याने, फोडणी सेकंद मोजून, दूध डोळ्यांसमोर. गणिताच्या बाईला ते जड गेलं नाही. आजारपणानंतरच्या गणपतीत मोदकाचं सारण जरासं खाली लागलं तेवढंच. पण आमच्या ह्यांनी नऊ मोदक खाल्ले आणि वा म्हणाले, म्हणजे फार लागलं नसावं.

आमचे हे, शरच्चंद्र, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत. त्यांच्या नाकाचा तसाही उपयोग नव्हता. चाळीस वर्षं तपकीर ओढलेली. त्यांच्या सगळ्या रुमालांना तपकिरीचे डाग, आणि ते धुणार मी. दोनेक वर्षांपूर्वी त्यांनी तपकीर अचानक सोडली. मी कारण विचारलं तर म्हणाले, कंटाळा आला. मोबाइलवर कोणा डॉक्टरचं भाषण ऐकलं असणार. तपकीर सोडली आणि माझ्यामागे आणखी एक ताप लागला, तो म्हणजे हे दिवसभर स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून पेपर वाचत बसू लागले. मी जरा बाल्कनीत गेले की उठून गॅस बारीक करायचा. सकाळ-संध्याकाळ सिलिंडरपाशी वाकून बघायचं. खात्यात असताना कालव्याचं दार बघायला इतक्या तत्परतेने गेले नसतील. निवृत्त पुरुषाला घरात काम नसलं की तो बायकोच्या कामात काम शोधतो, असं मी त्यांना ऐकवलं. ते पेपर वाचत राहिले.

यंदा अधिक ज्येष्ठ आला. मृण्मयीच्या लग्नानंतरचा पहिला अधिक महिना. अधिकात जावयाला घरी बोलावून तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं असतं, ताटात अनारसे, वर तेवता दिवा. त्या दिवशी जावई म्हणजे साक्षात नारायण. आमच्या नारायणाने आदल्या आठवड्यात बीअर घालून पाव भाजला होता. तरी वाण द्यायचंच होतं, आणि ते माझ्या हातचं असल्याशिवाय नाही. विकतचे अनारसे आणून जावयाला द्यायचे तर मी तीस वर्षं मिरवले कशाला?

अधिक लागला त्याच दिवशी तनय घरी आला आणि त्याने वेगळंच काढलं. त्याच्या वर्गाला अनारशाचा तांदूळ दाखवायचा होता. परदेशातले प्रकार तो शिकवतोच, पण आपल्या घरातलं सगळ्यात अवघड आंबवणं आईंना येतं, ते आईंनीच सांगावं, असं त्याचं म्हणणं. मी स्वच्छ सांगितलं, माझा देवाधर्माचा तांदूळ बीअरच्या बाटल्यांशेजारी बसणार नाही. तो म्हणाला, बाटल्या त्या दिवशी दुसऱ्या टेबलावर ठेवू. मी तरीही नाही म्हणणार होते. पण मृण्मयी म्हणाली, आई, उन्हाळा फार आहे, तुला जमणार नसेल तर राहू दे. जमणार नसेल, हे शब्द माझ्या घरात कोणी माझ्याबद्दल वापरलेले नाहीत. मी रविवार ठरवून टाकला.

गुरुवारी तांदूळ भिजत घातला. निम्मा वर्गासाठी, निम्मा वाणासाठी. अनारशाच्या तांदळाला माझ्याशिवाय कोणी हात लावायचा नाही, हा आमच्याकडचा रिवाज, आणि तो मला फार सोयीचा होता. बाहेर ऊन असं होतं की दुपारी कॉलेज रोडवर कुत्रंसुद्धा दिसत नव्हतं. मी दिवाळीच्या हिशेबाने पाणी दिवसातून एकदा बदललं. दिवाळीत दोनदा असं निभावलं होतं. फडकं उचलायची, वाकायची, नाकाने श्वास घ्यायची, मान हलवायची. कोणी बघत असेल तर बघू दे, म्हणून.

शनिवारी संध्याकाळी हे पेपर खाली ठेवून म्हणाले, “उत्तरा, तांदळाला जरा वेगळाच वास येतोय का?”

मी म्हटलं, “चाळीस वर्षं तपकीर ओढलेल्या नाकाने मला तांदूळ शिकवू नका.”

त्यांनी पेपरची घडी घातली. आणखी दोन मिनिटं तिथेच उभे होते, मग खुर्ची उचलून बाहेर गेले. मला बरं वाटलं. संध्याकाळी कुठे जरा स्वयंपाकघर मोकळं झालं.

रविवारी अकराला तनय मला न्यायला आला. गच्चीवर हिरवी जाळी ताणून सावली केली होती. पंचवीस माणसं होती, त्यात एक दाढीवाला, दोन नवराबायकोच्या जोड्या आणि पुढच्या रांगेत माझी जुनी विद्यार्थिनी स्नेहा, जी आता दातांची डॉक्टर आहे. तिने उठून बाई म्हणून नमस्कार केला. बाटल्या खरंच दूरच्या टेबलावर होत्या. तिथे कढई चढली होती आणि लासलगावच्या कांद्याची भजी तळायची तयारी होती, बीअरच्या पिठातली. म्हणजे आधी माझा तांदूळ आणि मग यांची भजी. आधी कीर्तन आणि मग तमाशा, असं मी मनात म्हटलं.

मी उभी राहिले. फार दिवसांनी समोर वर्ग होता, मी रंगले. म्हटलं, तुमचे सर बरणीवर तारीख लिहितात, पट्ट्या बुडवतात, काड्या खुपसतात. माझ्याकडे यातलं काही नाही. ज्याला नाक आहे त्याला पट्टी लागत नाही, आणि ज्याला नाक नाही त्याने या वाटेला जाऊ नये. हे मी बोलले. माझ्या तोंडाने बोलले. मग पातेल्यावरचं फडकं काढलं आणि पातेलं स्नेहापुढे धरलं. म्हटलं, घे वास, याला म्हणतात आंबणं.

स्नेहा वाकली आणि झटकन मागे झाली. तिने रुमाल तोंडाशी धरला. मी पातेलं पुढे नेलं. दाढीवाल्याला खोकला आला. एका बाईने श्वास रोखला, मला तिचे फुगलेले गाल दिसले. मी म्हटलं, शहरी नाकं आहेत, सवय नाही. कोणी हसलं नाही. तिसऱ्या रांगेपर्यंत मी पातेलं फिरवलं आणि प्रत्येक चेहरा तसाच होत गेला. माझ्या हातांना तेव्हा काहीतरी कळलं असावं, कारण पातेलं जड वाटायला लागलं.

तनय आला. त्याने पातेलं माझ्या हातातून घेतलं आणि वास घेतला. त्याचा चेहरा अजिबात बदलला नाही. त्याने फक्त माझ्याकडे पाहिलं. एकतीस वर्षं मी मुलांकडे तसं पाहिलं आहे, गणित चुकलंय हे आपल्याला दिसतं आणि मुलाला अजून दिसलेलं नसतं तेव्हा. मग तो वर्गाकडे वळला.

“आईंनी आज मुद्दाम बिघडलेला तांदूळ आणला आहे,” तो म्हणाला. “आणि तो चांगला आहे असं सांगून तुमच्यापुढे धरला. चांगला वास कोणीही ओळखतो. पण मोठ्या माणसाने खात्रीने सांगितलं तरी बिघडलेलं बिघडलेलं आहे, हे म्हणायची हिंमत तुमच्यात आहे का, हे त्यांना बघायचं होतं. एकही जण बोलला नाही. आई, सांगू ना यांना?”

पंचवीस माणसं माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, “सांगा.”

मग त्याने सांगितलं. पाण्याला सुटलेली चिकट तार दाखवली, दाणा चिमटीत धरून त्याचा झालेला गिळगिळीतपणा दाखवला, उन्हाळ्यात पाणी तीनदा का बदलायचं ते सांगितलं. सगळं बरोबर सांगितलं. मी कधीतरी मृण्मयीला जसं सांगितलं होतं तसंच, शब्दही माझेच. स्नेहा रुमाल बाजूला करून म्हणाली, बाई शाळेतही असंच करायच्या, फळ्यावर आधी मुद्दाम चुकीचं उत्तर लिहायच्या. सगळे हसले, टाळ्यासुद्धा वाजल्या. मी फळ्यावर चुकीचं उत्तर एकदाही लिहिलेलं नाही. त्या पोरीने खोटं बोलून मला आधार दिला की तिला खरंच तसं आठवत होतं, हे मला आजही ठाऊक नाही.

मी खुर्चीवर बसले.  इतकी लाज मला कधी वाटली नव्हती, आणि राग तर त्याहून जास्त. ज्या माणसाला मी दोन वर्षं येता-जाता टोचत आले त्याने माझी लाज राखावी, हे मला सहन होत नव्हतं. तेवढ्यात त्याने भज्यांची बशी माझ्यापुढे ठेवली आणि परत कढईकडे गेला. समोर माणसं होती, हातांना काहीतरी करायला हवं होतं. मी एक भजं उचललं.

ते कुरकुरलं. आधी आवाज आला. मग जिभेच्या मागच्या बाजूला, घशाच्या जरा अलीकडे, काहीतरी कडवट पोचलं. अगदी थोडं. आमच्या ह्यांना कारलं चालत नाही, मेथी चालत नाही, त्यामुळे दोन वर्षांत माझ्या तोंडात कडू म्हणून काही गेलंच नव्हतं. ती चव अजून शाबूत आहे, हे मला बीअर घातलेल्या भज्याने सांगितलं. मी सहा भजी खाल्ली. आवडली असं माझं म्हणणं नाही.

परत येताना गाडीत आम्ही दोघंच होतो. पंडित कॉलनीच्या वळणावर त्याने गाडी हळू केली.

“कधीपासून?” त्याने विचारलं.

मला खोटं बोलायचं होतं. मी म्हटलं, “दोन वर्षं झाली.” मग घाईघाईने बजावलं, हे घरात कोणाला कळता कामा नये, मृण्मयीला नाही, ह्यांना तर नाहीच. तो बरं म्हणाला. मग म्हणाला, उद्या नवा तांदूळ भिजत घालू, मी रोज सकाळ-संध्याकाळ येईन, घरात सांगेन की अनारसे शिकायला येतोय. मी म्हटलं, जावयाने स्वतःच्या वाणाचा तांदूळ बघायचा, हे कुठल्या पोथीत लिहिलंय? तो म्हणाला, बीअरची भजी तरी कुठे लिहिली आहेत. माझ्या बोलण्यावर त्याने उलट बोलायची ही पहिलीच वेळ. मला ते वाईट वाटलं नाही.

तो रोज आला. सकाळी बरण्यांचा वायू सोडायचा आणि मग माझ्याकडे. फडकं उचलायचा, वास घ्यायचा आणि मला सांगायचा. आज नुसत्या ओल्या तांदळाचा आहे. आज जरा आंबूस सुरू झाला. दुपारी घाईने यायचा, पाणी बदलून जायचा. तिसऱ्या दिवशी तो फार वेळ वाकून राहिला. मी विचारलं, काय, ताकासारखा येतोय का? तो म्हणाला, ताक आणि पिकलेला पेरू यांच्या मधला. पेरू मला कधी सुचला नव्हता, पण तो बरोबर होता. मला तो वास आठवला. येत नव्हता, आठवला. मी तोंड फिरवून गूळ किसायला घेतला आणि त्याला म्हटलं, “बस झालं, आता निथळ. तू तिकडून धर.” त्याला मी आजवर अहो-जाहो करत आले होते, ते मान म्हणून नव्हतं हे त्यालाही माहीत होतं. त्याने पातेलं धरलं.

हे सगळं चालू असताना आमचे हे खुर्ची घेऊन बाहेरच्या खोलीत बसत. एकदाही आत डोकावले नाहीत. मी मनात म्हटलं, जावई आला की बरोबर कळतं यांना मध्ये लुडबुडू नये ते. रोज असं कळलं तर किती बरं.

अधिक संपायच्या आधीच्या रविवारी वाण ठेवलं. तनयची आई, प्रतिभाताई, पुण्याहून आल्या. त्या मोठ्या गोड बोलतात. इतकं गोड बोलणाऱ्या बाईशी मी सहसा सावधपणे बोलते. सकाळी मी अनारसे तळले. एकही हसला नाही. जाळी अशी पडली होती की पलीकडची खसखस दिसावी. तेहतीस मोजून ताटात रचले, दिवा लावला. तनय आणि मृण्मयी पाटावर बसली. हे कोपऱ्यातल्या खुर्चीत होते.

प्रतिभाताई म्हणाल्या, “जिना चढतानाच घमघमाट आला. तनय सांगतो ते खोटं नाही, उत्तराताई. तुम्ही म्हणे नुसत्या वासावर सगळं ओळखता. असं नाक आमच्याकडे कोणाला नाही.”

तनयने मान खाली घातली. त्याने वचन पाळलं होतं, त्यापुढे जाऊन त्याने माझं कौतुकही केलं होतं. मला फक्त हसायचं होतं. दोन वर्षं मी ज्याच्यासाठी धडपडले ते हेच होतं, विहिणीने माझ्या घरात येऊन, माझ्या माणसांसमोर, माझं नाक वाखाणावं. पंचवटीपर्यंत ते पोचलं असतं. मी ताट उचललं आणि मला ते पुढे करवेना.

“तांदळाचा वास तनयने घेतला,” मी म्हटलं. “मला दोन वर्षांपासून वास येत नाही. दूध करपलं तरी कळत नाही. हे अनारसे त्याच्या नाकाचे आहेत.”

मृण्मयीने माझ्याकडे पाहिलं, मग तनयकडे.  

“मला माहीत आहे,” हे कोपऱ्यातून म्हणाले.

मी वळले. ते नेहमीच्याच आवाजात बोलत होते, सिलिंडर आलाय असं सांगावं तसे. “त्या गणपतीत सारण काळं होईपर्यंत जळालं आणि तू खाली मान घालून पाऱ्या करत होतीस. शेजारी उभी राहून तुला कळलं नाही. मला तपकिरीमुळे कळलं नाही, धूर दिसला तेव्हा कळलं. घरात एक तरी नाक चालू पाहिजे, म्हणून त्याच दिवशी डबी टाकून दिली.”

नऊ मोदक. सारण काळं झालं होतं आणि या माणसाने नऊ मोदक खाल्ले होते. दारातली खुर्ची, बारीक केलेला गॅस, सिलिंडरपाशी वाकणं, सगळं मला एकदम दिसलं आणि त्या प्रत्येकावर मी काय बोलले होते तेही ऐकू आलं.

“मग बोलला का नाहीत?” मी विचारलं. 

“बोललो होतो,” ते म्हणाले. “त्या शनिवारी.”

  मी ताट खाली ठेवलं. त्यातला वरचा अनारसा उचलला, कोपऱ्यात गेले आणि तो त्यांच्या हातावर ठेवला. मग परत येऊन बत्तीस अनारशांचं ताट जावयाच्या हातात दिलं. वाणाचे तेहतीस असतात, हे मला कोणी शिकवायला नको. तनयने ताटाकडे पाहिलं, मोजले नाहीत, आणि वाकून नमस्कार केला.